धीराचा एक शब्द
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



धीर हा आपल्या मराठीतला अगदी रोजच्या वापरातला शब्द. धीर धरतात, धीर सोडतात, धीर खचतो, धीर सुटतो. आणि धीर देताही येतो. या शेवटच्या प्रयोगाकडे आज थोडे लक्ष द्यावे असे मला वाटते. पैसा दिला तर देणाऱ्याचा तेवढा कमी होतो. धीराचे तसे नाही. स्वतः फारसा खंबीर नसलेला माणूसही दुसऱ्याला धीर देऊ शकतो, आणि पुष्कळदा देता देता त्यालाही थोडा मिळून जातो.

आज मी बोलणार आहे ते ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेविषयी. निराशेच्या दिवसांत ती टिकते कशी, आणि ती टिकण्यात शेजारच्या माणसाच्या शब्दाचा वाटा किती, हा प्रश्न आहे. उदाहरणे ख्रिस्ती समाजातली असली तरी निराशा काही जात-धर्म विचारून घरात येत नाही. तेव्हा इतर श्रोत्यांनाही त्यात आपले काही सापडेल.

गुरुवारची सुट्टी

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा आपण सारे जाणतो. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने चिंचवड-भोसरीच्या माळावर भूखंड पाडले. टेल्को आली, बजाज आली, त्यांच्या मागून शेकडो लहान वर्कशॉप आली. पुढे हीच रांग चाकण, तळेगावपर्यंत पोहोचली. या कारखान्यांबरोबर माणसे आली. त्यात नगर, जालना, संभाजीनगर, सोलापूरकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती. केरळातली, तमिळनाडूतली, गोव्यातलीही होती. रविवारी या भागात प्रार्थना मराठीत होते, मल्याळमात होते, तमिळमध्ये आणि इंग्रजीतही होते.

पण इथली एक गंमत अशी, की पिंपरी-चिंचवड आणि भोसरीतल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे ज्या दिवशी देवळात जायचे त्याच दिवशी फर्स्ट शिफ्टला कार्ड पंच करायचे. ज्याची थर्ड शिफ्ट असेल तो रविवारी सकाळी सात-साडेसातला घरी येतो. डोळे मिटत असतात. उपासनेला जायचे की झोपायचे, हा त्याच्यापुढे दर रविवारचा प्रश्न.

आता कल्पना करा. असा एक माणूस आहे. गावाहून आला, ठेकेदाराकडे लागला. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. कायम होण्याची आशा दरवर्षी एक वर्ष पुढे जाते. आणि जे कायम आहेत त्यांचे तरी सारे पक्के असते असे नाही. तळेगावला जनरल मोटर्सच्या कारखान्यात २००८ साली गाड्या तयार होऊ लागल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. पण मधल्या काळात कामगारांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मुलांची फी आणि घराचे हप्ते काही निकालासाठी थांबत नाहीत.

अशा माणसाची श्रद्धा एकदम जात नाही. ती हळूहळू मागच्या बाकावर सरकते. आधी तो पुढे बसायचा, गायचा. काम सुटल्यावर मागे बसू लागतो, कारण उपासना संपली की लोक विचारतात, ‘सध्या कुठे?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, पण उत्तर देणाऱ्याला ते टोचते. दानाची थैली फिरते तेव्हा तो खाली बघतो. मग तो थोडा उशिरा येऊ लागतो आणि शेवटच्या गीताच्या आत निघून जातो. मग एखादा रविवार चुकतो. मग दोन. लोकांना वाटते, शिफ्ट असेल. खरे तर त्याच्या मनात एक प्रश्न घर करून बसलेला असतो: देवाने मला टाकले की काय?

या प्रश्नावर व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. त्याला काय लागते ते पवित्र शास्त्रातल्या एका जुन्या गोष्टीतून कळते.

आधी भाकर, मग बोध

एलीया हा मोठा संदेष्टा. राजाला तोंडावर सुनावणारा. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला आणि दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीच्या धमकीने तो असा खचला, की पळत सुटला. नोकराला मागे ठेवले, एकटाच रानात दिवसभराची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे. श्रद्धावान माणूस इतका खचू शकतो, हे शास्त्राने लपवलेले नाही. ही गोष्ट मुळीच झाकलेली नाही, यातच केवढा दिलासा आहे!

आता पुढे काय होते पाहा. देवदूत येतो. तो एलीयाला त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणत नाही. मागच्या चमत्कारांची आठवणही करून देत नाही. तो त्याला स्पर्श करतो आणि जेवायला उठवतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवलेले असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि कारणही सांगतो: पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. म्हणजे तुझे थकणे खोटे नाही, हे मान्य करतो. या अन्नाच्या जोरावर एलीया चाळीस दिवस चालतो. बोलणे त्यानंतर होते. त्यातही दोन गोष्टी त्याला मिळतात. एक, त्याला वाटत होते तसा तो एकटा नाही, आणखी सात हजार लोक आहेत. आणि दुसरी, अलीशा नावाचा एक सोबती.

अन्न, झोप, थकव्याची कबुली, मग काम आणि सोबत. धीर देण्याचा हा क्रम आजही बदलावा असे त्यात काही नाही. थर्ड शिफ्टवरून आलेल्या माणसाला आधी चहा द्यावा, बोध नंतर.

बोधपुत्र बर्णबा

नव्या करारात एक माणूस आहे. त्याचे खरे नाव योसेफ, कुप्र बेटावरचा. पण प्रेषितांनी त्याचे नाव बर्णबा ठेवले. मराठी शास्त्रात या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. मूळ ग्रीक शब्दात बोध आहे, सांत्वन आहे आणि उत्तेजनही आहे. एखाद्याच्या स्वभावावरूनच लोक त्याचे नाव ठेवतात, तसेच हे.

या बर्णबाने काय केले? त्याने शेत विकले आणि पैसे आणून मंडळीच्या गरजूंसाठी दिले. म्हणजे त्याचा धीर तोंडापुरता नव्हता. पुढे पौल यरुशलेमास आला. कालपर्यंत ख्रिस्ती लोकांना पकडून नेणारा हा माणूस आज आपलाच म्हणवतो, यावर कोणाचा विश्वास बसेना. सगळे त्याला भीत होते. बर्णबाने त्याला हाताशी धरले आणि प्रेषितांपुढे नेऊन त्याच्यासाठी शब्द टाकला. काही वर्षांनी अंत्युखियात काम वाढले तेव्हा बर्णबा स्वतः तार्सास गेला, पौलाला शोधून काढले आणि बरोबर घेऊन आला. पौलाची पत्रे आपण वाचतो. बर्णबाच्या नावाने मात्र नव्या करारात एकही पत्र नाही. पण तो नसता तर पौल कुठे असता, हा विचार करण्याजोगा आहे.

पुढे योहान मार्क नावाचा तरुण पहिल्या प्रवासात अर्ध्यावर परत फिरला. दुसऱ्या प्रवासात त्याला न्यायला पौलाने साफ नकार दिला. बर्णबा म्हणाला, नेऊ. दोघांत मोठा वाद झाला आणि ते वेगळे झाले. बर्णबाने मार्काला घेतले. वर्षे गेली, आणि तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात पौलच मार्काला घेऊन ये म्हणून सांगतो, तो माझ्या उपयोगाचा आहे असे म्हणतो. दुसरे शुभवर्तमान परंपरेने याच मार्काच्या नावावर आहे. अर्ध्यावर परत फिरलेल्या माणसाला दुसरी संधी देणारा कोणीतरी लागतो. कारखान्यात लागतो, घरात लागतो आणि देवळात तर नक्कीच लागतो.

टिळकांच्या घरात

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही नावे मराठी वाचकाला सांगायला नकोत. पण त्यांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे.

टिळक रेल्वेने प्रवास करीत असता एका परक्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका बाजूला त्यांची श्रद्धा, दुसऱ्या बाजूला नातेवाईक, जात आणि गाव. सर्वांत मोठी किंमत दिली ती लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेली ही बाई. लहान दत्तूला घेऊन ती नातेवाइकांत राहिली. पती जिवंत असून नाही. समाजाच्या नजरा होत्या, पुढे काय हे ठाऊक नव्हते. टिळक नगरला एकटे. ख्रिस्ती झाले म्हणून आपल्यांनी दूर केले, आणि नव्या समाजात अजून मुळे धरायची होती.

या काळात दोघांना जोडून ठेवले ते पत्रांनी. आज आपण मोबाइलवर ‘काळजी घे’ एवढे दोन शब्द टाकतो आणि विसरून जातो. तेव्हा पत्र लिहायला बसावे लागे, टपालाची वाट पाहावी लागे. पत्रांत राग होता, विनवणी होती, कविताही होती. पण दोर तुटू दिला नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या. आल्या त्या आपले सोवळे घेऊनच आल्या. वेगळे शिजवणे, वेगळे पाणी. टिळकांचा स्वभाव तापट होता, हे स्वतः लक्ष्मीबाईंनीच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. तरीही या बाबतीत त्यांना थांबता आले. लक्ष्मीबाईंचा सोवळ्याचा पीळ आतून सुटला आणि जातिभेद हा माणसाने केलेला आहे, हे त्यांचे त्यांना उमगले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाच वर्षे. आपण पाच दिवसांत माणसाने सुधारावे अशी अपेक्षा करतो!

धीर देण्यात थांबणे फार मोठे असते. समोरचा आपल्या गतीने चालत नाही, म्हणून त्याला ढकलू नये. त्याच्या बरोबरीने चालावे.

याच घराने आणखी एकाला आसरा दिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात हा सतरा वर्षांचा मुलगा पुढे आला आणि ‘बालकवी’ ठरला. टिळकांनी त्याची प्रतिभा ओळखली आणि नगरला त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवी हळवे, चटकन रुसणारे, उदास होणारे. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांच्यावरच्या मायेला तशी अट कधी नव्हती. ५ मे १९१८ रोजी रेल्वेच्या अपघातात ते गेले, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. पण तेवढ्या वर्षांत मराठी कवितेला जे मिळाले त्यात नगरच्या त्या घरातल्या जेवणाच्या पानाचाही वाटा आहे.

टिळकांना स्वतःलाही निराशा चुकली नाही. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्याच देशात परका होतो, ही त्यांची खंत होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. देहू तर आपल्या याच पट्ट्यात, एका बाजूला तळवडे-चिखलीची वर्कशॉप आणि दुसऱ्या बाजूला इंद्रायणी. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले.

लक्ष्मीबाईंनी हा अर्धा ग्रंथ पुढे नेला. कधी शाळेत न गेलेल्या बाईने साठांहून अधिक अध्याय लिहिले! ‘स्मृतिचित्रे’ही अशीच जन्माला आली. मुलाने, देवदत्तांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहायला सांगितले. आपल्याला लिहिता येईल का, असा प्रश्न पडावा अशीच तिची परिस्थिती होती. मुलाने तिच्या भाषेवर विश्वास ठेवला, आणि १९३४ पासून भागाभागाने मराठीतले एक थोर आत्मचरित्र आपल्या हाती आले. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आले ते १९३८ साली. त्यांनी ते पाहिले नाही. पण काम पुरे करून गेल्या. पतीने पत्नीला लिहिते केले, आणि पुढे मुलाने आईला. धीराचे हे देणे त्या घरात असे हातोहात फिरत राहिले.

टिळकांची गीते आजही मराठी उपासनेत म्हटली जातात. पिंपरीच्या एखाद्या मंडळीत रात्रपाळी करून आलेला कामगार ती म्हणतो, तेव्हा नगरला एकट्या राहिलेल्या त्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी टाकलेला धीराचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो.

दहा वर्षांची हमी

धीर म्हणजे नुसते शब्द नव्हेत, हे समजून घ्यायला पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेली, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांत पती गेले. विशीतच एवढे सारे. त्यांनी विधवांसाठी शाळा काढायचे ठरवले तेव्हा अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १८८७ साली रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी लहान लहान मंडळे निघाली. ‘रमाबाई सर्कल’ असे त्यांचे नाव. प्रत्येकाने दरवर्षी थोडी रक्कम द्यायची, आणि ती दहा वर्षे द्यायची, अशी हमी. एकदा मोठी देणगी देऊन टाळ्या घेणे सोपे असते. दहा वर्षे न चुकता थोडे थोडे पाठवणे अवघड. पण रमाबाईंना टिकायला उपयोगी पडले ते हेच.

१८८९ साली शारदा सदन उघडले. १८९३ साली पुण्यात त्यावर वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. सल्लागार मंडळातल्या मोठ्या माणसांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. पण रमाबाई थांबल्या नाहीत. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-स्त्रियांना केडगावला आणले, मुक्ती मिशन उभे राहिले. आयुष्याच्या अखेरीस त्या पवित्र शास्त्राचे मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठी भाषांतर करीत होत्या. मुक्तीतल्या स्त्रियाच खिळे जुळवीत, छपाई करीत. १९२१ साली एकुलती एक मुलगी, उजवा हात असलेली मनोरमा गेली. रमाबाई काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. दुःखात माणूस कशाच्या आधाराने उभा राहतो? श्रद्धेच्या, हे खरेच. पण अवतीभवती काम करणारे ते हातही होते.

खोटा धीर

श्रोतेहो, आता थोडे कडू बोलतो. धीर देण्याच्या नावाखाली आपण पुष्कळदा माणसाला आणखी खचवतो. नोकरी गेलेल्याला सांगतो, ‘तुझा विश्वास कमी पडतोय.’ आजाऱ्याला सांगतो, ‘काहीतरी पाप राहिले असेल.’ ईयोबाचे मित्र असेच करीत होते. सात दिवस ते त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, तोवर फार चांगले होते. तोंड उघडले आणि बिघडले. दुसरा प्रकार गोडबोल्यांचा. ‘सगळे छान होईल, पुढच्या महिन्यात पर्मनंट होशील.’ हे आपल्या हातात नसते. पुढच्या महिन्यात ते झाले नाही की त्या माणसाचा आपल्यावरचा विश्वास उडतो, आणि कधी देवावरचाही. तिसरा प्रकार, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ असे म्हणून निघून जाणे. प्रार्थना करावी, जरूर करावी. पण ज्याच्या घरी गॅसची टाकी संपली आहे त्याच्यासाठी प्रार्थना करताना आपल्या खिशाकडेही एकदा पाहावे.

पौल थेस्सलनीकातल्या मंडळीला लिहितो तेव्हा माणसांत फरक करतो. जे शिस्त मोडतात त्यांना समज द्या, जे खचले आहेत त्यांना धीर द्या, जे दुबळे आहेत त्यांना आधार द्या, आणि सगळ्यांशी सहनशीलतेने वागा, असा त्याचा आशय आहे. आपली गल्लत इथेच होते. खचलेल्याला आपण समज देतो. खचलेला माणूस आळशी नसतो, त्याच्या अंगातले बळ संपलेले असते. आधी ओळखावे, मग बोलावे.

आणि काही निराशा ही आजाराची निराशा असते. झोप उडते, जेवण जात नाही, जगू नये असे वाटते. तिथे डॉक्टरकडे नेणे हाच खरा धीर. त्यात श्रद्धेचा कमीपणा काही नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक देवळाच्या फलकावर लिहून ठेवावा असे मी सुचवीन.

हे आपल्या हातात आहे

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात दोन ठिकाणी एक सूचना येते. एकमेकांना रोजच्या रोज धीर द्या, आणि एकत्र जमणे सोडू नका. रोजच्या रोज, हा शब्द महत्त्वाचा. रविवारी एकदा देऊन आठवडाभर पुरेल असे ते पथ्य नाही. आणि एकत्र जमणे रविवारीच झाले पाहिजे असेही त्यात म्हटलेले नाही. ज्यांची सुट्टी गुरुवारी त्यांच्यासाठी गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी दहा माणसे जमावीत. चाकणच्या एखाद्या खोलीत सहा-सात पोरे कॉट बेसिसवर राहतात, तिथे मंडळीतल्या एखाद्या काकूंनी रविवारचे जेवण पाठवावे. ज्याचा ब्रेक सुरू आहे त्याला ‘सध्या कुठे?’ असे न विचारता ‘चल, माझ्याबरोबर बस’ म्हणावे. काम कुठे निघाले असेल ते सांगावे, अर्ज लिहायला मदत करावी, लेबर ऑफिसात बरोबर जावे. पौलाने अनेसिफर नावाच्या एका माणसाची कृतज्ञतेने आठवण ठेवली आहे. रोमेत येऊन त्याने पौलाला शोधून काढले, आणि त्याच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. शोधून काढणे आणि लाज न वाटणे, एवढ्यातच किती आले!

दोन रविवार न दिसलेल्या माणसाच्या घरी तिसऱ्या रविवारच्या आत कोणीतरी जावे, एवढा नियम प्रत्येक मंडळीने केला तरी पुष्कळ. जाताना फार तयारी नको. बसावे, ऐकावे, चहा घ्यावा. निघताना त्याच्या नावाने एक लहानशी प्रार्थना करावी. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे, कारण पहिली भेट ही विचारपूस असते, दुसऱ्या भेटीत माणूस बोलतो.

पाळकांनाही विसरू नका. सगळ्यांना धीर देणाऱ्या माणसाला धीर कोण देतो, हे फारसे कोणी विचारत नाही. रात्री-अपरात्री इस्पितळात जाणारा, अंत्यविधी करणारा तोही एखाद्या संध्याकाळी झुडपाखाली बसलेला असतो. उपदेश आवडला तर तसे सांगावे. नेमके काय उपयोगी पडले तेही सांगावे. ‘छान झाले’ यापेक्षा ‘तुमच्या त्या एका वाक्याने मी त्या दिवशी राजीनामा फाडला’ हे त्याला वर्षभर पुरते.

पिंपरीत एक कॅथलिक देऊळ आहे. दुःखितांचे सांत्वन करणाऱ्या मातेच्या नावाने ते ओळखले जाते. कारखान्यांच्या गावाला शोभणारे याहून दुसरे नाव मला सुचत नाही. पण सांत्वन हे फक्त देवळाच्या पाटीवर राहून चालत नाही. पौल एका ठिकाणी लिहितो की आम्ही खचलो होतो तेव्हा देवाने आमचे सांत्वन केले, आणि कसे, तर तीत आला. बस्स, एवढेच. देवाने आकाशातून वाणी ऐकवली नाही, एक माणूस पाठवला.

दर ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीला मुक्काम करते आणि चिंचवड-पिंपरीवरून पुण्याकडे जाते. कारखान्यांच्या भिंतींकडेने ती वाट जाते. दिंडीत एखाद्याचे पाय सुजले, तो मागे पडला तर दुसरा वारकरी त्याची पिशवी घेतो आणि त्याच्या चालीने चालतो. त्याला पंढरपूर किती लांब आहे ते सांगत बसत नाही. श्रद्धेची वाट कोणतीही असो, ती एकट्याने चालायची नसते. येत्या आठवड्यात आपल्या ओळखीतला कोण मागे पडला आहे, तेवढे पाहा. त्याच्या दारापर्यंत जा. बाकीचे शब्द तिथे गेल्यावर सुचतील.